तीन गोटे आणि निंबाचा डाहाळा

जागा पाहणं हे आमच्यात बायकांचं काम होतं. माणसं मेंढ्यांमागे जात, आणि मेंढ्या चरत चरत कोणत्या वावराच्या कडेनं फिरतील याचा काही नेम नसे. पण घोडीवर लादलेलं घर घेऊन सरळ रस्त्यानं पुढे जायचं, संध्याकाळी कळप जिथे बसेल ती जमीन शोधायची, तिथे चूल मांडायची, पाणी भरायचं, हे सगळं बायकांकडे. घर म्हणजे तरी काय, एक बाज, गोधड्यांची वळकटी, पितळी गुंड, लोखंडी घमेलं, तवा, ज्वारीचं पोतं, मेंढ्यांभोवती लावायची जाळी आणि तिच्या खुंट्या. सगळ्यांच्या वर टोपलीत दोन कोंबड्या. घोडी चालू लागली की तवा घमेल्यावर आपटत राही, दिवसभर, एका लयीत. अकोल्यात आमच्या गल्लीत एक भांडीवाला हातगाडी घेऊन येतो. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की नेमका तसाच आवाज होतो, आणि मी हातातली भाजी खाली ठेवून उगीच उठून उभी राहते. नव्या सुनेला हे कसं सांगावं हा मला प्रश्नच आहे.

आम्ही अकोल्याकडचे धनगर. दिवाळी झाली की निघायचं, पूर्णेच्या काठाकाठानं वलगाववरून वर रिद्धपूरकडे, तिथून शेंदूरजनाघाटाच्या संत्र्यांच्या बागांपर्यंत, आणि मिरगाच्या आधी परत. ज्वारी निघालेल्या वावरात शेतकरी स्वतः बोलावत, कारण कळप दोन रात्री बसला की वावर खतानं भरून जाई. पण माघ-फाल्गुनात गहू-हरभरा उभा असतो, तेव्हा कोणी धुऱ्याजवळ, बांधाशीसुद्धा, फिरकू देत नसे. मग उरे ती ईक्लास. सरकारी चराईच्या जमिनीला कागदावर ई-क्लास म्हणतात, आणि आमच्या भागात अंगठा उठवणारी म्हातारीसुद्धा ईक्लासच म्हणते. ती ईक्लासही दरवर्षी आखडत जाई. मागच्या साली जिथे आपली चूल होती तिथे यंदा कोणाची तरी तुरीची धसकटं. एकदा असाच एक जण काठी घेऊन मायच्या अंगावर आला. म्हणाला, "ईक्लास काय तुह्या बापाची हाय?" मायनं डोक्यावरचं गाठोडंही न उतरवता सांगितलं, "नाही बाप्पा. कोनाच्याच बापाची नाही, म्हनून तं आलो." तो माणूस हसला आणि त्यानं आम्हाला विहिरीचं पाणी भरू दिलं. पण सगळेच काही हसणारे नसत.

जागा कशी पाहायची हे माय चालता चालता सांगे. काळ्या मातीत बसायचं नाही, उलीशी, जराशीच ओल लागली की मेंढीचे खूर सडतात आणि खुंटीही धरत नाही. मुरमाड जमीन बरी. पाणी जवळ असावं पण फार जवळ नको, गावातली ढोरं तिथेच येतात आणि भांडण होतं. टेकडीच्या माथ्यावर वारा आणि पायथ्याशी गार, म्हणून मधली कूस धरायची. मसणवट्याकडे पाहायचं नाही. सकाळी गावातली माणसं लोटा घेऊन कुठे जातात तेही पाहून घ्यायचं, नाहीतर उठल्या उठल्या शिव्या. आणि झाड हवंच, एक तरी, मोठं. मग गावात जाऊन कोतवालाला सांगायचं, त्याच्या हातावर चहापुरतं काही ठेवायचं किंवा एखाद्या वेळी दूध द्यायचं. मी पुढे पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली, भाड्याच्या खोल्या बदलल्या, शेवटी स्वतःचं दोन खोल्यांचं घरही बांधलं. पण अजूनही कुठली नवी जागा पाहायला गेले की मी आधी पायानं माती उकरते. आमचे हे म्हणतात, "अवं, फ्लॅट हाय तो, तिसऱ्या मजल्यावर."

आता नियमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ज्या बाईनं जागा धरली तिनं तिथे चुलीचे तीन गोटे मांडायचे आणि मधे निंबाचा, म्हणजे कडुनिंबाचा, ताजा डाहाळा ठेवायचा. मग ती खुशाल मागे फिरून आपलं बिऱ्हाड आणायला जावो. डाहाळा सुकेपर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, ती जागा तिची. दुसरा कोणी आला, कितीही थकलेला असो, त्यानं ते गोटे पाहायचे आणि पुढच्या रस्त्याला लागायचं. पोलीस नाही, पंच नाही, कोणी राखणीला नाही. मांडलेली चूल मोडायची नसते, एवढंच. आमच्यात लग्नं मोडली, सख्ख्या भावांचे कळप वाटले गेले, पण कोणाची मांडलेली चूल कोणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी मोडली. हे वाक्य लिहायला मला छत्तीस वर्षं लागली.

वच्छला माझी मामेबहीण. मामाचा कळप आमच्या बाजूनंच कोस-दोन कोसांवरून चाले, दर दोन-चार दिवसांनी भेट होई. ती माझ्याहून वर्षानं मोठी, काळी, उंच, दात जरा पुढे, आणि चालायला अशी की घोडीला मागे टाकावं. तिला जागेची नजर होती. बा, म्हणजे माझे वडील, सरळ म्हणत, "वच्छलेनं धरलेल्या जागेवर आतापर्यंत एक मेंढी लंगडली नाही. आमची बेबी जागा पायते तं आधी सावली पायते." सगळे हसत, मीही हसे. मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, रिद्धपूरच्या यात्रेतल्या पाट्या धडाधड वाचून दाखवणारी, आणि मला कशातच कोणी वच्छलेच्या वर धरत नव्हतं. ती मात्र माझ्याशी चांगलीच होती. पदरात बोरं बांधून आणायची, निम्मी मोजून माझ्या हातावर ठेवायची. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर याच बोरांची गोष्ट झाली.

त्या साली कमलवहिनीचे, माझ्या दादाच्या बायकोचे, दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, पाय सुजलेले, तरी घोडीवर बसायची तयारी नाही. म्हणे, घोडी हलली की पोटातलं हलते. रिद्धपूर मागे टाकून आम्ही दोन दिवस चाललो. रस्त्यात काळे कपडे घातलेल्या महानुभाव बाया भेटल्या, त्यांनी वहिनीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली. वहिनी ती साखर अर्धा कोस चघळत होती. सकाळी कण्या आणि ताक खाऊन निघालो होतो, उन्हं वर आली तशी तिची पावलं आखूड होत गेली. शेवटी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ती बसलीच. मायनं तिचे पाय मांडीवर घेतले आणि मला म्हणाली, "तू पुढं हो. निंबाच्या ईक्लासवर मोकळं असंन तं वरून हात कर. नाही तं बरडावर जा लागते."

निंबाची ईक्लास आम्हा सगळ्यांना माहीत होती. टेकडीच्या कुशीत जुने मोठे सात-आठ निंब, खाली मुरूम, जरा अंतरावर पाझर तलाव. त्या पट्ट्यात तेवढी एकच जागा उरली होती, आणि गावचा कोतवाल तिथे एकाच कळपाला बसू देई. "दुसरा दिसला तं पाटील मले उभा नाही करन," असं तो दरवर्षी सांगे. ती नाही मिळाली तर दीड कोस पुढे बरड, उघडा माळ, गोटे आणि गवताच्या चार काड्या, झाडाच्या नावानं शून्य.

मी चढ चढून वर गेले आणि सगळ्यात मोठ्या निंबाखाली तीन गोटे मांडलेले. मधे डाहाळा. पानं अजून तकतकीत होती, तोडून तासही झाला नसेल. कोणाचे ते विचारायची गरज नव्हती. वच्छला दोन गोटे सारखे आणि मागचा चपटा ठेवायची, तव्याला टेकू म्हणून. आणि तिच्या अनवाणी पायाचे ठसे, मोठे, अंगठा बाहेर फेकलेला, येताना आणि जाताना, मुरमावर सरळ दिसत होते. ती मामीला नाल्याच्या उतारावरून आणायला परत गेली होती.

मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही, पण फार नाही. मी स्वतःला वहिनीचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं. तिचे पाय मी पाहिले होते, बरड दीड कोस होता. इतकी वर्षं मी मनातल्या मनातसुद्धा तेवढंच म्हणत आले. पण आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते: त्या गोट्यांकडे पाहताना मला वहिनी आधी आठवली नाही. आधी बाचं वाक्य आठवलं, आमची बेबी आधी सावली पायते. आज संध्याकाळी बा येतील आणि निंबाखाली आपली चूल पाहतील, हे आठवलं. वहिनी त्याच्यानंतर आली.

दोन गोटे मी उचलून नाल्यात टाकले. तिसरा, चपटा, तो चांगला होता म्हणून ठेवून घेतला. वच्छलेच्या पावलांचे ठसे झाडाच्या फांदीनं पुसले. मग त्या चपट्या गोट्याशेजारी माझे दोन गोटे आणून ठेवले, चार फाटे गोळा केले, आणि डाहाळा खाली घालून चूल पेटवून दिली. ओला निंब जळताना फार धूर करतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याचं कारण तेवढंच होतं. मग टेकडीच्या टोकावर जाऊन मायला हात केला.

आम्ही पाणी भरून, बाज मांडून, वहिनीला आडवी केली तेव्हा मामीची घोडी आली. पुढे वच्छला. आमची चूल पाहून ती थांबली, मग जवळ आली, खाली पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आजूबाजूला फिरली.

"म्या सकाऊनच गोटे मांडले होते इथी," ती म्हणाली.

मी परातीत पीठ मळत होते. मान वर न करता म्हणाले, "मले तं नाही दिसले, बाप्पा."

"डाहाळा बी ठेवला होता."

"दुसऱ्या झाडाखाली असंन. पाय बरं."

ती खरंच प्रत्येक झाडाखाली जाऊन पाहून आली. तेवढ्यात मामी घोडी धरून वर पोचली. मामी तोंडानं तिखट, दिवसभराची चाललेली. "बोरं खात बसली असंन कुठी तरी!" ती म्हणाली. "पाठवलं कायले अन् करून आली काय! वरून मांडले म्हनते." वच्छलेच्या पदराला खरंच बोरं बांधलेली होती. गाठ सगळ्यांना दिसत होती. वच्छलेनं त्या गाठीवर हात ठेवला.

माय मामीला म्हणाली, "वयनी, राहा ना सारेच. कोतवालाले सांगू." मामी म्हणाली, नको, तुम्हालाही उठवतील. दुपार कलल्यावर मामा मेंढ्या घेऊन आला. मामा मोठा मायाळू माणूस, हसला की सगळं तोंड हसायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वच्छलेच्या पाठीवर एक हलकी थाप मारली, आणि मग वहिनीकडे पाहून मला म्हणाला, "अवं बेबे, पोरीनं गोटे मांडले असते तरी म्या माह्या हातानं उचलले असते. दिवस भरल्या लेकराले बरडावर कोन पाठवीन? तुमी बसा. आमी जातो."

हे मी ऐकलं. भाकरी थापताना ऐकलं. म्हणजे मी नुसतं वच्छलेच्या गोट्यांजवळ बसून वाट पाहिली असती आणि म्हटलं असतं, मामा, वहिनीला चालवत नाही, तर जागा आम्हालाच मिळाली असती, आणि वर मामीनं वहिनीची दृष्ट काढली असती. तेव्हाही बोलता आलं असतं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी तव्यावरची भाकर उलटली. संध्याकाळी बा आले, निंबाखाली चूल पाहून म्हणाले, "वा रे बेबी!" त्या दिवशी मिरचीचा ठेसा आणि तुरीच्या सोल्यांचं वरण होतं. मला चांगली भूक होती. तेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गारपीट झाली. आधी वारा पडला, मेंढ्या आपोआप एकमेकींत डोकी घालून उभ्या राहिल्या. मग टेकडीच्या पलीकडून पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज आला आणि बोरांएवढ्या, मग आवळ्यांएवढ्या गारा. आम्ही वहिनीला बुंध्याशी टेकवून तिच्यावर बाज उपडी धरली. निंबाच्या फांद्या मोडून पडल्या, पण मार त्यांनी खाल्ला. आमची दोन कोकरं गेली, एक म्हातारी मेंढी गेली. पाव तासात सगळं पांढरं झालं. माय बरडाच्या दिशेला पाहत उभी राहिली, आणि तिच्या तोंडून फक्त निघालं, "माह्या भावाचं कसं?"

बा आणि दादा धावत गेले, त्यांच्यामागे मी. बरडावर आडोसा म्हणून काही नव्हतंच. मेंढ्या जिथे उभ्या होत्या तिथेच पडल्या होत्या, काही अजून पाय झाडत होत्या, बऱ्याच नुसत्या गारठून गेल्या होत्या. मामाच्या शंभरावर मेंढ्या होत्या. उरल्या त्या जाळीच्या एका कोपऱ्यात मावल्या. मामा त्यांच्या मधे उकिडवा बसला होता. वच्छलेनं धाकट्या भावाला पोटाशी धरून डोक्यावर लोखंडी घमेलं उपडं घेतलं होतं. घमेल्याला जागोजाग पोचे, आणि ते धरलेल्या दोन्ही हातांची बोटं सुजून काळीनिळी. मामी तिच्यासमोर उभी होती. ओरडत नव्हती. अगदी हळू, जसं एखाद्याला हिशेब समजावून सांगावा तसं म्हणत होती, "तू गोटे मांडले असते तं आज आपून निंबाखाली असतो. तीन गोटे मांडाचे होते, वच्छे. तीनच."

वच्छला माझ्याकडे पाहत होती. तिला संशय होता असं मला तेव्हा वाटलं, म्हणून मी नजर फिरवली. नंतर फार वर्षांनी कळलं, ती फक्त आपल्या बाजूनं कोणीतरी बोलावं म्हणून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. आणि बाळंतपण करायला कोण आलं? मामीच. आमच्या चार बिऱ्हाडांत तिच्याइतका हात कोणाचा नव्हता. मेलेल्या मेंढ्यांचा ढीग मागे टाकून ती दीड कोस चालत आली, नाल्यावर कोपरापर्यंत हात धुतले, लुगड्याचा काष्टा खोचला आणि म्हणाली, "पानी ठेव, बेबे." मी त्याच तीन गोट्यांच्या चुलीवर पाणी ठेवलं. दुपारी मुलगा झाला. मामीनं त्याला पुसून मायच्या हातात दिला आणि म्हणाली, "जागेचा पायगुन चांगला हाय." तो आमचा गोपाल. आज ट्रक चालवतो, नागपूर-सुरत, सहा फूट उंच आहे.

मामानं उरलेल्या मेंढ्या बांना देऊन टाकल्यासारख्याच दिल्या आणि शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या बागेत राखणदार राहिला. तो परत कधी चालला नाही. वच्छलेचं लग्न त्याच उन्हाळ्यात वलगावला उरकलं. आणि आमच्या सगळ्या गोतात एक म्हण तयार झाली. कोणी काम सांगितलेलं विसरलं, कोणी गेलो होतो म्हणून थाप मारली, की लगेच: "मांडले का गोटे?" लग्नात, बारशात, कोणी हळद आणायला विसरला, की मांडले का गोटे. ज्या पोरांना मेंढीही जवळून माहीत नाही ती पोरं मोबाईलवर एकमेकांना हे पाठवतात. वच्छला बसलेली असली की सगळे तिच्याकडे पाहून हसत आणि तीही पदर तोंडाला लावून हसे. मीही हसले. पहिल्या खेपेला जड गेलं, नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते असं लोक चांगल्या अर्थानं म्हणतात.

गेल्या वर्षी मामी वारली. तेरवीला आम्ही सगळे शेंदूरजनाघाटला जमलो. जेवणं झाल्यावर बाया दाण्याच्या सुपाभोवती बसल्या आणि जुन्या गोष्टी निघाल्या. कोणीतरी ती म्हण काढलीच. वच्छला शेंगा फोडत होती. ती हसली नाही. म्हणाली, "मायनं मरताना बी इचारलं मले. वच्छे, खरं सांग, मांडले होते का? म्या म्हनलं, नसतीन मांडले, माय. तिले बरं वाटलं. अन् आता मलेच आठवत नाही व. एवढे लोक म्हनतात तं नसतीनच मांडले."

तिची जनावरं गेली, चालणं गेलं, बापाचा धंदा गेला, हे सगळं मला माहीत होतं आणि ते पेलून मी जगत होते. पण तिच्या डोक्यातून तिची ती सकाळ मी काढून घेतली आहे, हे मला त्या सुपापाशी कळलं. तरीही त्यानंतर आठ महिने मी गप्प होते. मग मुलाचं लग्न ठरलं आणि पत्रिका द्यायच्या निमित्तानं मी वलगावला गेले.

वच्छलेच्या अंगणात सांडग्या मिरच्या वाळत होत्या. ते घमेलं अजून आहे, पोचे आलेलं. त्यात ती कोंबड्यांना पाणी ठेवते. तिनं चहा केला. मी पत्रिका दिली, ती तिला वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवली, आणि त्याच आवाजात पुढे सांगून टाकलं. थांबले असते तर जमलं नसतं.

ती मिरच्या उलटत राहिली. मग विचारलं, "किती होते?"

"तीन. मागचा चपटा होता."

"अन् डाहाळा?"

"होता. ताजा होता. म्या चुलीत घातला."

"मले डाहाळा आठवते," ती म्हणाली. "तोडताना बोटाले चीक लागला होता. मी म्हनो, ते दुसऱ्या कोन्या दिवशीचं असंन." तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "माय होती तवा सांगाचं होतं, बेबे. आदल्या दिवशी तरी."

मी उठले. आमच्या वऱ्हाडात दारात आलेल्या वैऱ्यालाही जेवून जा म्हणतात. तिनं म्हटलं नाही. फाटकापर्यंत मात्र आली आणि कडी लावता लावता म्हणाली, "लग्नात कोनी म्हनीनच, मांडले का गोटे. तवा उठाचं. साऱ्याइच्या समोर. तुह्या याह्याच्या समोर बी. मंग मी येतो लग्नाले. नाही तं नाही."

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे म्हणाले, आता या वयात, नव्या व्याह्यांसमोर, पोराच्या लग्नात? मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "तिनं छत्तीस वर्षं ऐकलं, तुले एक दिवस ऐकाचं हाय."

वच्छला आली. गर्द हिरवं लुगडं नेसून, पंगतीत माझ्या नव्या विहीणबाईंच्या शेजारी बसली. वरण वाढायला उशीर झाला तेव्हा दादानंच मांडवातून हाक मारली, "काय रे पोट्टेहो, वरन आनता का मांडले गोटे?" मांडव हसला. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि उभी राहिले. अंगणवाडीत पंचवीस वर्षं बोलले आहे, माझा आवाज पोचतो. मी सांगितलं, गोटे मांडले होते. वच्छलेनं मांडले होते, तीन, डाहाळ्यासकट. ते मी काढून नाल्यात टाकले. आणि खोटं बोलले. एवढंच सांगितलं, वहिनीच्या पायांचं सांगितलं नाही.

कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. नव्या विहीणबाईंना काही कळलंच नाही, त्या आपल्या ताटाकडे पाहत राहिल्या. कमलवहिनीनं पदर डोळ्यांना लावला. दादा उभाच होता, मग खाली बसला. वरणाची बादली हातात घेऊन गोपाल दोन पंगतींच्या मधे तसाच थांबला होता. पोर लहानपणापासून ऐकत आलं होतं की त्याचा जन्म निंबाखालचा, आपल्या जागेवरचा.

"म्हंजे आत्या," तो म्हणाला, "मी कोनाच्या जागेवर जन्मलो मंग?"

मी बोलणार होते. त्याच्या आधी पंगतीतून उत्तर आलं, मोठ्यानं, शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल असं.

"माह्या," वच्छला म्हणाली, आणि आपलं ताट पुढे सरकवलं. "आता वाढ."